कळमेश्वरचा कातळ आणि लक्षद्वीपचं पोवळं

कळमेश्वर-मोहपा भागात संत्र्याच्या बागेसाठी विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग चुनखडीचे पांढुरके खडे, मग मुरूम आणि शेवटी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. इथून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र पाचशे किलोमीटरांहून दूर. त्यामुळे घरातली पोरं सुट्टीत लक्षद्वीपला निघाली की म्हातारी माणसं विचारणारच, ‘तिकडे का हाये आपलं?’ उत्तर त्या विहिरीच्या तळाशी आहे.

तो पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. सह्याद्रीकडे त्याचे थर प्रचंड जाड आहेत. पूर्वेकडे येता येता ते पातळ होतात आणि नागपूर शहरापाशी संपतात. कळमेश्वर या चादरीच्या काठावर वसलंय. हा लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून आला, ती जागा आज हिंद महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो. आग जवळपास जागीच राहिली, सरकली ती आपली जमीन. रियुनियन विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २१ अंशांवर आहे आणि कळमेश्वर उत्तरेला २१ अंशांवर. मधलं सगळं अंतर म्हणजे आपला प्रवास.

ज्योतीवरून कागद सरकवला तर त्यावर करपल्याची रेघ उमटते. भारत उत्तरेला सरकताना समुद्रतळावरही तशीच रेघ उमटली. १९८७ साली एका आंतरराष्ट्रीय मोहिमेनं या रेघेवर समुद्रतळ खणला. मालदीवपाशी सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षं जुना लाव्हा-खडक मिळाला आणि आणखी दक्षिणेला चागोसपाशी ४ कोटी ९० लाख वर्षांचा. मॉरिशस तर ८०-९० लाख वर्षांचंच. म्हणजे दक्षिणेला जावं तसा खडक तरुण होत जातो. या रेघेच्या उत्तर टोकाला, आपल्या बाजूला, लक्षद्वीप आहे. त्याच्या तळाशी जुन्या भूखंडाचाही वाटा असावा का, यावर अभ्यासकांत वाद आहे. आगीच्या या रेघेशी त्याचं नातं मात्र बहुतेक मान्य करतात.

डोंगर बुडाला, पोवळं उरलं

मग लक्षद्वीपला काळा दगड का दिसत नाही? तिथं पांढरी वाळू, माड आणि निळंशार लगून. याचं उत्तर चार्ल्स डार्विननं १८४२ साली पुस्तकातून मांडलं. ज्वालामुखीचा डोंगर थंड होऊन हळूहळू खचतो. त्याच्या काठावरचे प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर बांधत राहतात. डोंगर बुडतो, कडं उरतं. या कड्यालाच आपण कंकणद्वीप म्हणतो. पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटावर १९५२ साली खणलं, तेव्हा १,२०० मीटरहून जास्त चुनखडकाखाली खरोखरच लाव्हा-खडक लागला. डार्विनचा तर्क ११० वर्षांनी पक्का झाला.

हे बांधकाम करणारा प्रवाळ दिसायला झाड, हाताला दगड, पण खरा प्राणी. अंगठीतलं लाल पोवळं त्याचं दूरचं नातलग. उथळ पाण्यातला प्रवाळ स्वतःच्या पेशींत एकपेशीय शैवाल सांभाळतो. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देतं. त्या बळावर प्रवाळ समुद्रातून चुना ओढून घर बांधतो.

वाळूही तिथलीच. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक खरवडतो, त्यावरचं शैवाल खातो आणि दळलेला चुना मागून सोडतो. मालदीवमधल्या एका बेटाभोवती २०१५ साली हिशेब मांडला गेला. नव्यानं तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून जास्त पोपटमाशाच्या पोटातून आलेली निघाली. म्हणजे बेट ही तयार मिळालेली जमीन नव्हे. बांधणं आणि झिजणं यांचा रोजचा ताळेबंद जमेत राहिला, तरच ते उरतं.

पानं पिवळी पडावीत तसं

चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासं झालं की संत्र्याची पानं पिवळी पडतात. झाड उभं असतं, पण उपाशी असतं. प्रवाळाचंही तसंच. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या एखादा अंश वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही भागीदारी तुटते. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो, आतला चुना दिसू लागतो आणि सारा बगीचा पांढराफटक पडतो. यालाच विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर प्रवाळ मरतो.

लक्षद्वीपला असे मोठे फटके १९९८, २०१० आणि २०१६ साली बसले. २०२३-२४च्या उष्ण लाटेनंतर पुन्हा विरंजन झालं. आगत्ती, कदमत आणि कवरत्ती बेटांभोवती अडीच दशकं चाललेल्या पाहणीत जिवंत प्रवाळाचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. १९९८नंतर अनेक ठिकाणी प्रवाळ सावरले, कारण तिथले मच्छीमार लगूनच्या बाहेर काठी-गळानं कुपा, म्हणजे ट्युना, पकडत. प्रवाळावर वाढणारं शैवाल खाणारे मासे त्यामुळे शाबूत राहिले आणि नव्या प्रवाळाला जागा मिळत गेली. दोन फटक्यांमधलं अंतर कमी झालं की मात्र ही सवडही उरत नाही.

रक्षणाची गोष्टही सरळ नाही. आगत्तीच्या लगूनमध्ये हिरव्या कासवांची संख्या वाढली आणि त्यांनी समुद्रगवताची कुरणं फस्त केली. कुरण संपल्यावर कासवं पुढच्या बेटाकडे निघाली. त्या गवतात वाढणारे मासे घटले आणि मच्छीमार कासवांवर नाराज झाले. रोही आणि रानडुकरांनी रात्रीतून पऱ्हाटी लोळवलेली ज्यांनी पाहिली, त्यांना ही तक्रार परकी वाटणार नाही. कायद्यानं जीव वाचतो, पण त्याला चरायला किती रान लागेल आणि ते कुणाच्या वाट्यातून जाईल, हा हिशेब कायदा करत नाही.

मास्क लावण्याआधी

विदर्भातल्या अनेकांना पाण्याखालचं जग पहिल्यांदा दिसतं ते मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्याच्या गाभ्यात प्रवाळ आहेत. लक्षद्वीपला जायचं तर परवाना काढावा लागतो. दोन्हीकडे नियम एकच: प्रवाळावर पाय टेकवू नका. वर्षाला जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढणारे कितीतरी प्रवाळ एका पावलानं मोडतात. पायातल्या वल्ह्यांनी वाळू उडवू नका, ती प्रवाळाच्या तोंडावर बसते. आठवण म्हणून तुकडा उचलू नका. २००१पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या सर्वोच्च संरक्षणात आहेत. ऑक्सिबेन्झोन असलेली सनस्क्रीन टाळा आणि त्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. हवाईत अशा क्रीमच्या विक्रीवर २०२१पासून बंदी आहे.

पण एवढं पाळलं म्हणजे झालं, असं समजू नका. विरंजन पर्यटकाच्या पायानं होत नाही, गरम पाण्यानं होतं. आणि ती ऊब येते कोळसा-तेलाच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळे. कळमेश्वरहून फार लांब नसलेल्या कोराडी आणि खापरखेड्याच्या धुराड्यांतूनही तोच वायू निघतो. आपल्या विहिरींचे पंप त्याच विजेवर चालतात. एका आगीनं आपली काळी जमीन आणि त्या बेटांचा पाया दोन्ही घडवले. आता दुसरी आग लागली आहे, ती आपण पेटवलेली.

कळमेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंच आहे. लक्षद्वीपच्या वस्तीच्या बेटांची जमीन बहुतेक ठिकाणी जेमतेम दोन-चार मीटर.