पाळणा लांबतो तेव्हा

पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतली घरं गौरी-गणपतीला आणि शिमग्याला भरतात. एरवी अनेक घरांतला कर्ता पुरुष मुंबईत कामाला आणि सून गावात, सासू-सासऱ्यांजवळ. लग्नाला तीन वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, की कुजबुज सुरू होते ती तिच्याबद्दल. ओटी भरायला तिला पुढे बोलावणं बंद होतं. त्या तीन वर्षांत दोघं एकत्र किती दिवस राहिली, हे मात्र कुणी मोजत नाही.

डॉक्टर आधी तेच विचारतात. पाळीच्या एका चक्रात गर्भ राहू शकेल असे दिवस जेमतेम सहा. स्त्रीबीज फार तर दिवसभर टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. सणाची रजा या दिवसांशी जुळली नाही, तर ती संधी गेली. नियमित शरीरसंबंध असून, कोणतंही साधन न वापरता वर्षभरात दिवस गेले नाहीत, तरच त्याला वंध्यत्व म्हणतात. सणापुरत्या भेटणाऱ्या जोडप्याला हा निकष लावणंच चूक आहे.

मूल कधी आणि किती, हा प्रश्न या भागाला नवा नाही. शेजारच्या महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच 1927 साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचा प्रचार करणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. पुढे त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. 1938 मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

आज चित्र पालटलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 1992-93 मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 2.86 मुलं होती. 2019-21 मध्ये 1.71. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण 2.1 लागतात. 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा अधिक मुलं झालेल्यांना ग्रामपंचायतीची निवडणूकही लढवता येत नाही. पण या बदलाचा भार बायकांनी उचलला. राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली आहे. पुरुषांचं प्रमाण शंभरात एकही नाही.

मूल होत नाही तेव्हाही भार तिच्याच माथी. प्रत्यक्षात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा तिच्याकडच्या कारणासोबत. वीर्यतपासणी सोपी आणि तुलनेने स्वस्त आहे. तरी आधी बाईची सोनोग्राफी, मग दुर्बीण, मग नवससायास, आणि नवऱ्याची तपासणी सगळ्यांत शेवटी, असा उलटा क्रम अनेक घरांत दिसतो.

स्त्रीकडची कारणंही बहुधा ओळखता येणारी असतात: अनियमित पाळी, थायरॉइड, बंद झालेल्या गर्भनलिका. आपल्याकडे नलिका बंद होण्यामागे गर्भाशयाच्या आसपासचा क्षयरोगही असू शकतो. अनेकींना साध्या गोळ्यांनी दिवस जातात.

ते जमलं नाही, तर टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग आहे. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा या भारतातल्या पहिल्या शास्त्रीय नोंद असलेल्या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं हे यश. यात स्त्रीबीजं बाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करतात आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडतात. 2021 च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे. उपचारासाठी स्त्रीचं वय 21 ते 50 आणि पुरुषाचं 21 ते 55 असावं लागतं. एका फेरीचा खर्च लाखाच्या घरात जातो, पहिल्याच फेरीत यश येईल याची हमी नसते, आणि आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत. पोलादपूरच्या सुनेसाठी वारंवार मुंबई गाठणं हा वेगळाच खर्च.

कुटुंब नियोजनासाठी आशाताई दारोदार पोचल्या. त्याच वाटेने मूल हवं असलेल्या जोडप्यांपर्यंतही जायला हवं. वीर्यतपासणी आणि पाळीच्या दिवसांचा हिशेब समजावण्याची सोय तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झाली, तर अनेकांचा मोठा फेरा वाचेल. तोवर सुट्टीला आलेल्या नवऱ्याने निदान स्वतःची तपासणी करून घ्यावी. बायकोचं वय पस्तिशीपुढे असेल, तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांतच दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं.