मसल कार म्हणजे काय?
मध्यम आकाराची, परवडणारी गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन, हे अमेरिकी मसल कारचे सूत्र. १९६४च्या मॉडेलसाठी अभियंते जॉन डिलोरियन आणि सहकाऱ्यांनी पॉन्टियॅक टेम्पेस्ट या गाडीमध्ये ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवले आणि ‘जीटीओ’ जन्मली. पुढे महागलेला विमा, धुरावरचे कडक नियम आणि १९७३चे तेलसंकट यांमुळे मसल कारचा बहर ओसरला.

अशी जुनी गाडी पुन्हा उभी करताना आधी सांगाड्याचा गंज तपासावा, इंजिन नंतर. ताकद वाढवली तर ब्रेकही त्या तोडीचे हवेत. जुने ड्रम ब्रेक तापले की पकड सोडतात. मूळ इंजिन शाबूत असेल तर ते जरूर जपावे. गाडीचा खरा इतिहास त्यातच असतो.