मोत्याआधी बीज : कालवांच्या प्रजननाचे शास्त्र

तमिळनाडूतील तुतिकोरिनच्या किनाऱ्यावर मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे. मात्र मन्नारच्या आखातातील मोती-कालवांचे साठे नेहमीच बेभरवशाचे राहिले. काही वर्षे भरघोस उत्पन्न मिळे आणि त्यानंतर दीर्घकाळ काहीच हाती लागत नसे. तेथील मोती काढण्याचा अखेरचा मोठा हंगाम १९६१ मध्ये झाला.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये याच परिसरात संवर्धित मोती तयार करण्यात यश मिळविले. शिंपल्यापासून घडविलेला गोल मणी आणि दुसऱ्या कालवाच्या प्रावरणाचा बारीक तुकडा जिवंत कालवाच्या शरीरात बसविला की त्या मण्याभोवती मोत्याचे थर चढू लागतात. पण त्यासाठी लागणारी कालवे पुन्हा त्याच बेभरवशाच्या समुद्रातून आणावी लागत. ही अडचण १९८१ मध्ये दूर झाली. त्या वर्षी तुतिकोरिनच्या प्रयोगशाळेत मोती-कालवाचे बीज तयार झाले.

या प्रक्रियेत निवडक नर-मादी कालवे गाळलेल्या, निर्जंतुक समुद्रजलात ठेवून पाण्याचे तापमान हलकेच वाढविले जाते. त्या उत्तेजनाने अंडी व शुक्राणू पाण्यात सोडले जातात आणि फलन तेथेच होते. साधारण एका दिवसात डिंभाला इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचे चिमुकले कवच येते. पुढील सुमारे तीन आठवडे तो पोहत राहतो. त्याचे अन्न म्हणजे सूक्ष्म शैवाल. तेही प्रयोगशाळेतच वाढवावे लागते. शैवालाची पैदास फसली किंवा पाण्यात जिवाणू शिरले, तर संपूर्ण तुकडी काही दिवसांत नष्ट होऊ शकते. बीजकेंद्रातील खरी मेहनत कालवांपेक्षा या हिरवट-तपकिरी पाण्यावरच अधिक होते. अखेरीस डिंभ एखाद्या पृष्ठभागाला चिकटतो, तेच बीज.

प्रत्येक ठिकाणी बीजकेंद्राची गरज असतेच असे नाही. केरळच्या अष्टमुडी सरोवरात खाद्य कालवांचे नैसर्गिक बीज मुबलक आहे. तेथे रिकाम्या शिंपल्यांच्या माळा बांबूच्या चौकटीला टांगतात. त्यांवर बीज बसते आणि पावसाने पाण्याचा खारेपणा उतरण्यापूर्वी पीक काढले जाते. कोकणात खडकांवरची कालवे फोडून आणण्याचे कष्टाचे काम प्रामुख्याने स्त्रियांच्या वाट्याला येते. सिंधुदुर्गात महिला बचत गटांनीही खाडीतील कालवपालन हाती घेतले आहे.

कालव पाणी गाळून अन्न मिळविते. त्यामुळे सांडपाण्यातील रोगजंतूही त्याच्या शरीरात साठतात. म्हणूनच विक्रीपूर्वी कालवे निर्जंतुक केलेल्या वाहत्या खाऱ्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवून शुद्ध केली जातात. खाडीत सोडले जाणारे सांडपाणी वाढले, तर हा टप्पा वगळणे ग्राहकाला महागात पडू शकते.