बायोलॉजीचा तास आणि आपण

दहावीनंतर लेकीनं सायन्सला बायोलॉजी घेतलं, की घरात लगेच सुरू होतं, ‘म्हणजे आता ही डॉक्टर होणार!’ ‘नीट’च्या ७२० पैकी ३६० गुण याच विषयाचे, हे खरं. पण मैत्रिणींनो, हा विषय काही तेवढ्यापुरता नाही.

अकरावीला सुरुवातीला पाठांतरच फार वाटतं. वनस्पती-प्राण्यांचं वर्गीकरण, जिभेला न वळणारी लॅटिन नावं, पेशीची रचना. मुली इथंच धास्तावतात. त्यांना सांगा, नुसतं घोकू नकोस, आकृती काढत अभ्यास कर. टोकदार पेन्सिल, स्वच्छ रेषा, बाजूला नावं. पटकन लक्षात राहतं. बारावीला लेखी परीक्षा ७० गुणांची, प्रॅक्टिकल ३० गुणांचं. तेव्हा जर्नल वेळच्या वेळी पूर्ण व्हायला हवं. प्रयोगशाळेत आपल्या फोडणीतल्या कांद्याचा पातळ पापुद्रा मायक्रोस्कोपखाली ठेवतात आणि विटा रचाव्यात तशा पेशी दिसतात. मुली हरखून जातात!

मग येतो प्रजननाचा धडा. काही वर्गांत तो ‘घरी वाचून घ्या’ म्हणून उरकला जातो. पाळी का येते, गर्भ कसा राहतो, हे परीक्षेला तर लागतंच, पण आयुष्यालाही लागतं.

बारावीतच गुणसूत्रंही शिकवतात. माणसाच्या पेशीत त्यांच्या २३ जोड्या असतात. त्यातली एक मुलगा की मुलगी हे ठरवणारी. आईकडून बाळाला एक्स गुणसूत्रच मिळतं. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. पिठात होणाऱ्या किड्यांच्या पेशी तपासून नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेनं १९०५ मध्येच हे गुणसूत्रांचं गणित उलगडलं होतं. तरी दुसरी मुलगी झाली की सुनेला बोल लावणारी घरं आजही आहेतच ना? खरं तर दोष बापाचाही नाही. कोणतं गुणसूत्र जाईल, हे कुणाच्याच हातात नसतं.

म्हणून लेकीला म्हणा, ‘आज काय शिकवलं ते मला समजावून सांग.’ सांगता सांगता तिचा अभ्यास पक्का होईल. धडा अवघड वाटला तरी पुस्तक मिटू नका, आकृती बघा, प्रश्न विचारा. आणि गुणसूत्रांचा धडा आला की आजी-आजोबांनाही शेजारी बसवा. मुलगाही बायोलॉजी शिकत असेल, तर त्यालाही हेच सांगायला लावा. उद्या त्याच्याही घरात सून येणार आहे.