काटा अर्ध्यावर, टाकी कोरडी

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीत, १६१३ साली बांधलेला बांध आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल. बांध भरला की नर आणि मादी हे धबधबे वाहू लागतात. पाणी किती चढलं ते लांबूनच दिसतं. मोटरबोटीच्या टाकीत पेट्रोल किती, हे मात्र असं उघड दिसत नाही. तिथं काट्यावर विसंबावं लागतं.

माझा भाचा आपल्या जिल्ह्यातल्याच एका तलावावर बोट चालवायचा. एका संध्याकाळी मधोमध इंजिन बंद पडलं. बोटीत बायका, लेकरं. काटा अर्ध्यावर आणि टाकी कोरडी. वल्ही मारत कसाबसा काठ गाठला. घरी येऊन म्हणाला, "मामू, काटा खोटं बोलला."

मी कविता लिहिणारा माणूस, यंत्रातलं मला काय कळणार? पण मामा-भाचे एका जाणत्या मिस्त्रीकडे जाऊन बसलो. त्यानं सांगितलं ते असं.

टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोलबरोबर तो वर-खाली होतो आणि विजेचा रोध बदलतो. पुष्कळ बोटींत रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम, भरलेल्या टाकीला ३३. हा निरोप तारेनं मीटरला पोचतो. म्हणजे खोट फ्लोटमध्ये, तारेत, अर्थिंगमध्ये किंवा मीटरमध्ये असू शकते.

आधी पाहायचं, एकच काटा बंद आहे की सगळे? सगळे बंद असतील तर बॅटरी, फ्यूज आणि सामाईक अर्थिंग तपासायचं. एकच असेल तर चावी फिरवून मीटरच्या मागं १२ व्होल्ट येतात का ते मल्टिमीटरनं पाहायचं. येत असतील तर फ्लोटकडून आलेली तार सोडवायची. काटा 'रिकामी'वर पडला पाहिजे. मग मीटरचं तेच टोक क्षणभर अर्थिंगला जोडलं की काटा 'भरली'वर चढला पाहिजे. काही युरोपी मीटरांत हे उलटं होतं. काटा असा हलला तर मीटर चांगला. दोष तारेत किंवा फ्लोटमध्ये.

ही जोडाजोडी टाकीजवळ कधीही करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साचते. एक ठिणगी पुरे होते. आधी झाकणं उघडून वारा खेळू द्यावा.

आमचा मीटर ठणठणीत निघाला. आपल्याकडे तलाव आटला की बोट महिनोन्‌महिने काठावर पडून राहते. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट होतं. त्या चिकट्यानं फ्लोट अर्ध्यावरच धरून ठेवला होता. बिचारा काटा मिळालेला निरोप इमानानं सांगत होता.

मिस्त्रीनं निघताना एक गोष्ट सांगितली. काटा धोका दाखवतो तेव्हा त्याला खरा माना; तापमानाचा काटा चढला तर आधी इंजिन बंद, शंका नंतर. काटा 'सगळं ठीक' म्हणतो तेव्हा मात्र पडताळून पाहा.

भाचा आता निघण्याआधी टाकीत स्वच्छ काठी बुडवून पाहतो. पेट्रोलचे तीन भाग धरतो : एक जायला, एक यायला, एक शिल्लक. आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला बोटीत घेत नाही. बसलेल्यांपैकी कुणाला पोहता येतं, हे सांगणारा काटा कुठल्याच बोटीत नसतो.