टोकियोचे पत्र : उमराव, घोडा आणि रणगाडा



टोकियोत सेतागाया भागात 'बाजी कोएन' हे घोडेस्वारीचे मैदान आहे. २०२१च्या ऑलिम्पिकला आपला घोडेस्वार फवाद मिर्झा इथेच उतरला होता. सारंगखेड्याच्या यात्रेत भोवरे नि पंचकल्याणी बघत घोड्यांपुढून न हलणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासाठी इथल्या एका स्वाराची हकीकत.

ताकेइची निशी हा बॅरन, म्हणजे किताबवाला उमराव. वडील परराष्ट्रमंत्री राहिलेले. ते १९१२ साली वारले आणि किताब पोरवयातच त्याच्याकडे आला. पुढे घोडदळात अधिकारी झाला. १९३० साली इटलीत युरेनस नावाचा धिप्पाड घोडा त्याच्या नजरेत भरला. लष्कराला पैसा जमेना, म्हणून पठ्ठ्याने पदरचे मोजले. १९३२ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये त्याच घोड्यावर अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. (तिथेच आपल्या हॉकीवाल्यांनी जपानला ११-१ असे धुतले होते!) घोडेस्वारीत जपानला दुसरे सुवर्ण अजून मिळालेले नाही; नुसते कांस्य मिळायला २०२४चे पॅरिस उजाडले.

हॉलिवूडची नटमंडळी त्याची दोस्त झाली. पण जपानी घोडदळाचे घोडे जाऊन रणगाडे आले, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली निशीला सव्विसाव्या रणगाडा रेजिमेंटसह इवो जिमा बेटावर धाडले. वाटेत अमेरिकी पाणबुडीने जहाज बुडवले. अठ्ठावीस रणगाडे तळाला गेले. मागून बदली रणगाडे आले, तेही बरेचसे जमिनीत पुरून नुसत्या तोफांसारखे वापरावे लागले. घोडा फेकण्यात हयात गेलेल्या माणसाच्या वाट्याला हे! बेटाचा सेनापती कुरिबायाशीही घोडदळाचाच, तोही अमेरिकेत राहून आलेला. ज्यांनी शत्रूला जवळून पाहिले होते, त्यांनाच जपानने त्या बेटावर मरायला पाठवले, हे मला सर्वांत खटकते. अमेरिकी हल्ल्यानंतर तिथल्या सुमारे एकवीस हजार जपानी सैनिकांतून जिवंत हाती लागले ते जेमतेम हजारभर.

अमेरिकनांनी 'बॅरन निशी, शरण या' अशी नाव घेऊन साद घातली, अशी कथा इथे आवडीने सांगतात. खात्रीचा साक्षीदार मात्र मिळत नाही. निशी बेटावरच पडला, आणि युरेनसही त्याच मार्च १९४५मध्ये गेला. मालकामागोमाग आठवड्याभरात, असे म्हणतात. पण निशी नेमका कुठल्या दिवशी पडला हेच नक्की नाही, मग आठवडा मोजला कुणी?