टाकीचं झाकण बदलायचा धंदा: आधी टेप, मग रेट



"सर, कमी भांडवलात, आपल्याच एरियात काय करता येईल?" हा प्रश्न कमेंटमध्ये रोज येतो. आज एक उत्तर देतो. जरा वर बघा. अंधेरी-बोरिवली असो नाहीतर घाटकोपर-मुलुंड, जुन्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते आणि खाली कंपाउंडमध्ये दुसरी. टाकी म्हटली की झाकण आलं. ते गंजतं, तडकतं, लोखंडी असेल तर भंगारासाठी चोरीलाही जातं. पावसाळ्याच्या तोंडावर पालिकेचं कीटकनाशक खातं टाक्या तपासतं आणि बंदोबस्त नसला की नोटीस येते. मग सेक्रेटरीची धावपळ सुरू होते. तिथे तुमचं काम आहे.

गिऱ्हाईक नेमकं काय विकत घेतं?

झाकण नाही, "फट नाही" याची खात्री विकत घेतं. शहरात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्साय हा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. मुंबईतल्या मलेरियाचं मूळ विहिरींत आहे, हे डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मांडलं होतं. विहिरी गेल्या, टाक्या आल्या, डास तोच. त्याला आत जायला दोन-तीन मिलिमीटरची फट पुरते. म्हणून या धंद्यात माप हाच माल आहे.

माप कसं घ्यायचं?

१. एकच युनिट ठरवा. सगळे घोळ इथे होतात. सोसायटीवाले म्हणतात "दोन फुटी झाकण", फॅब्रिकेटर इंच-सूत बोलतो, तयार माल ६०० मिलिमीटरचा येतो. २४ इंच म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. फरक ९.६ मिलिमीटर, म्हणजे तीन सूत! चिठ्ठीवर कायम मिलिमीटर लिहा.

२. तीन ठिकाणी मोजा. लांबी तीन जागी, रुंदी तीन जागी. जुन्या स्लॅबचं भोक सरळ नसतंच. फ्रेम भोकाच्या आत बसणार असेल तर सगळ्यात लहान माप धरा. झाकण वरून झाकणार असेल तर सगळ्यात मोठं.

३. कर्ण तपासा. दोन्ही कर्ण सारखे आले तर भोक काटकोनात आहे. २४ बाय २४ इंचाला कर्ण साधारण ३४ इंच येतो. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक दिसला तर पुठ्ठा ठेवून छाप काढा आणि तो पुठ्ठाच वर्कशॉपला द्या.

४. कट्टा मोजा. भोकाभोवती उंचवटा असेल तर त्याची उंची आणि बाहेरचं माप घ्या. टोपीसारखं बसणारं झाकण चारही बाजूंनी एकेक सूत ढिलं हवं, म्हणजे लांबी-रुंदीत दोन-दोन सूत वाढवा. राहिलेली फट खालच्या रबर पट्टीने बंद होते. कट्टा नसेल तर फ्रेमची कड स्लॅबवर सगळीकडून किमान दोन इंच टेकली पाहिजे.

५. गोल प्लास्टिकची टाकी. तोंडाचा व्यास अंदाजे धरू नका. बाहेरून टेप गुंडाळा आणि आकडा ३.१४ ने भागा. घेर १४५ सेंटिमीटर आला तर व्यास साधारण ४६.२. टाकीची कंपनी आणि लिटर लिहून घ्या, तोंडाची मापं कंपनीगणिक बदलतात.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. मापासाठी टाकीत उतरायचं नाही. बंद टाकीत हवा कमी पडून माणसं दगावतात. सगळी मापं वरूनच मिळतात. गच्चीवर एकटे जाऊ नका, आणि काम होईपर्यंत भोक फळीने झाकून ठेवा.

माल कुठला सुचवायचा?

- बीड: टिकाऊ आणि जड. पण गंजतं, आणि भंगारात किंमत आहे.
- एफआरपी: हलकं, गंजत नाही, चोराला उपयोग नाही. पण कडी नसेल तर वाऱ्याने उडतं, म्हणून बिजागरी आणि कुलूप हवंच.
- लोखंडी पत्रा: स्वस्त. दर वर्षी रंग मारला नाही तर गंजलाच.

खालच्या टाकीवरून गाडी जाते का, हे आधी विचारा. बिडाच्या झाकणांना आयएस १७२६ हे मानक आहे. त्यात एलडी-२.५, एमडी-१०, एचडी-२० असे प्रकार येतात आणि आकडा टनांचा असतो. पायी चालायच्या जागी एलडी चालेल. गाडी जात असेल तर एमडी-१० पासून पुढे.

कोटेशनमध्ये काय लिहायचं?

फक्त झाकणाचा रेट टाकू नका. ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपला बारीक जाळी, कुलूप, जुनं झाकण काढणं, वरपर्यंत नेण्याची मजुरी, सगळं वेगवेगळं लिहा. जाळी राहिली तर घट्ट झाकण असूनही डास आत जाणारच.

हिशेब बघा. समजा एका झाकणामागे तुम्हाला ६०० रुपये सुटतात आणि झाकण बनवायला ३,००० लागतात. एक झाकण चुकीच्या मापाचं आलं, तर पुढच्या पाच झाकणांचा नफा त्यात गेला. मापाने बनवलेलं झाकण दुसऱ्या टाकीला सहसा लागत नाही, आणि वर्कशॉपवालाही परत घेत नाही. म्हणून मापाच्या चिठ्ठीवर सेक्रेटरीची सही, चिठ्ठी ठेवून भोकाचा फोटो, आणि अर्धा अ‍ॅडव्हान्स. हे तिन्ही झाल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

आपल्याच सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, परवानगी घ्या आणि दोन्ही टाक्यांची मापं काढून बघा. दुसऱ्या दिवशी तीच मापं पुन्हा घ्या. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तर बाजूच्या बिल्डिंगमध्ये जायला हरकत नाही. नाही जुळल्या, तर अजून थोडी प्रॅक्टिस करा. पत्रा कापण्याआधी कागदावर चुकलेलं कधीही स्वस्त!